रोमा लोकांचे मूळ : भाषेच्या दप्तरातील नोंदी

परमुलखात राहणाऱ्या माणसास दोन प्रश्न हटकून विचारले जातात. आपण मूळचे कोठले, आणि इकडे केव्हा आलात? आम्हां परप्रांतस्थ मराठी मंडळींस या प्रश्नांची सवय झालेली आहे आणि त्यांची उत्तरेही आमच्यापाशी तयार असतात. कुणाचे मूळ गाव कोकणात, कुणाचे घाटावर, कुणाचे वऱ्हाडात; कुलदैवत कोणते, आजोबा कोणत्या साली नोकरीनिमित्त इकडे आले, हे घरातील वडीलधारी मंडळी सहज सांगतात. परंतु जगात एक समाज असा आहे की, त्यास हेच दोन प्रश्न शतकानुशतके विचारले गेले आणि त्यांची उत्तरे कोणत्याही कागदावर लिहिलेली नव्हती. ती होती त्या समाजाच्या बोलीत. आणि तो समाज आपल्या दारी आल्यावर ती वाचावयास पश्चिम युरोपातील पंडितांना साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली.

हा समाज म्हणजे रोमा. इंग्रज ज्यांस 'जिप्सी', जर्मन 'त्सिगॉयनर' आणि स्पॅनिश 'गितानो' म्हणत आले, ते लोक स्वतःस 'रोम', अनेकवचनी 'रोमा', म्हणवितात. या नावाचा रोम शहराशी वा रुमानिया देशाशी काही संबंध नाही. आज युरोपात त्यांची संख्या सुमारे एक कोटी ते एक कोटी वीस लाख असल्याचा अंदाज आहे. हे लोक भारतातून गेले, एवढे विधान आपल्याकडील बहुतेक सुशिक्षितांच्या कानावरून गेलेले असते. ते विधान कोणत्या आधारावर उभे आहे आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा थोडा विचार येथे करण्याचा आमचा हेतू आहे.

युरोपच्या वेशीवर

सन १४१७ मध्ये उत्तर जर्मनीतील ल्यूनेबुर्ग, हँबुर्ग, ल्यूबेक इत्यादी नगरांच्या वेशीवर एक अपरिचित जमाव येऊन दाखल झाला. वर्ण सावळा, केस काळेभोर, बरोबर बायकामुले आणि घोडी. त्यांच्या पुढाऱ्यांनी 'ड्यूक' आणि 'काउंट' अशा पदव्या धारण केलेल्या होत्या, आणि सम्राट सिगिस्मुंड याचे अभयपत्र त्यांच्यापाशी होते. आपण 'लघु इजिप्त' देशाचे रहिवासी असून धर्मभ्रष्टतेचे प्रायश्चित्त म्हणून देशोदेशी फिरत आहोत, असे ते सांगत. सन १४२५ मध्ये आरागॉनचा राजा आल्फोन्सो याने 'लघु इजिप्तच्या हुआन'ला प्रवासाचा परवाना दिला. ऑगस्ट १४२७ मध्ये शंभर-सव्वाशे लोकांची एक टोळी पॅरिसच्या बाहेर उतरली, तेव्हा त्यांना पाहण्यास व हात दाखविण्यास नगरवासीयांची झुंबड उडाली. अखेर बिशपने हात दाखविणाऱ्यांवरच बहिष्काराचे अस्त्र उगारले.

या 'लघु इजिप्त'वरूनच 'इजिप्शियन' आणि त्याचा अपभ्रंश 'जिप्सी' हा शब्द रूढ झाला. वस्तुतः ग्रीसच्या दक्षिणेस मोदोन नावाचे व्हेनिसकरांच्या ताब्यातील बंदर होते. जेरुसलेमच्या यात्रेस निघालेली जहाजे तेथे थांबत, आणि तटाबाहेर या लोकांची वस्ती असल्याचे यात्रेकरूंनी लिहून ठेवले आहे. त्या परिसरालाच 'लघु इजिप्त' म्हणत असावेत, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या नावावरून युरोपने त्यांना नाईल नदीकाठचे ठरविले, ते नाव ग्रीक किनाऱ्यावरील होते.

तथापि सत्याचा एक किरण तेव्हाही चमकून गेला होता. सन १४२२ मध्ये इटलीतील फोर्ली या गावी अशीच एक टोळी आली असता तेथील इतिवृत्तकाराने नोंद केली की, त्यांच्यापैकी काहीजण आपण भारतातून आलो असे सांगत होते. या ओळीकडे त्या काळी कुणाचे लक्ष गेले नाही.

भाषेचा शोध

मूळ उलगडण्याची सुरुवात अठराव्या शतकात झाली. याबाबत एक कथा फार प्रसिद्ध आहे. इश्त्वान वाल्यी नावाच्या हंगेरियन विद्यार्थ्याने हॉलंडमधील लायडन विद्यापीठात मलबारहून आलेल्या विद्यार्थ्यांकडून काही शब्द टिपून घेतले, आणि स्वदेशी परतल्यावर ते रोमा लोकांना म्हणून दाखविताच त्यांना ते समजले, अशी ही कथा १७७६ साली छापली गेली. कथा मनोरंजक खरी. पण मलबारची भाषा द्राविडी कुळातील आणि रोमा लोकांची आर्यकुळातील, तेव्हा ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे.

पक्का पाया घातला तो हाले येथील योहान रूडिगर याने. बार्बारा माकेलिन नावाच्या एका रोमा स्त्रीकडून त्याने काही वाक्ये तिच्या बोलीत करून घेतली आणि हिंदुस्थानी भाषेच्या एका मिशनरी व्याकरणाशी ती ताडून पाहिली. नुसते शब्द नव्हे, तर नामांची व क्रियापदांची घडणही जुळते, असे त्याने १७८२ साली प्रसिद्ध केले. पाठोपाठ १७८३ मध्ये ग्रेलमान याचा ग्रंथ निघाला आणि ही वार्ता युरोपभर झाली. पुढे आउगुस्ट पोट याने १८४४-४५ मध्ये रोमा बोलींचा तौलनिक ग्रंथ सिद्ध केला, आणि व्हिएन्नाच्या फ्रांत्स मिक्लोशिच याने १८७२ ते १८८० या काळात त्या बोलींतील उसन्या शब्दांचे थर वेगळे करून, हे लोक कोणत्या वाटेने आले याचा नकाशाच जणू काढला.

सेवापुस्तकातील नोंदी

आम्ही सरकारी नोकरीतील माणूस. कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात नेमणूक कोठे झाली, बदली कोठे झाली, कोठे किती काळ काढला, याच्या नोंदी असतात. तो स्वतः विसरला तरी पुस्तक विसरत नाही. रोमा लोकांची भाषा हे त्यांचे असेच सेवापुस्तक होय.

पहिली नोंद जन्मस्थानाची. पाण्यास रोमा लोक 'पानी' म्हणतात, कानास 'कान', नाकास 'नाख', डोळ्यास 'याख', दातास 'दंद', केसांस 'बाल', मिठास 'लोन' आणि झाडास 'रुख'. आपल्या लोणच्यातील 'लोण' आणि जुन्या मराठीतील 'रूख' वाचकांस येथे आठवतीलच. चांदीस ते 'रूप' म्हणतात आणि आपण 'रुपे'. भाकरीस त्यांच्यात 'मान्रो' असा शब्द आहे. तो संस्कृत 'मंडक' शब्दापासून आला, आणि आपला पुरणाचा मांडाही त्याच शब्दापासून.

काही शब्द प्रथमदर्शनी ओळखू येत नाहीत, पण एक नियम ध्यानी घेतला की ओळख पटते. आपल्या 'घ', 'ध', 'भ' या वर्णांच्या जागी रोमा भाषेत 'ख', 'थ', 'फ' येतात. म्हणून घराचे 'खेर' झाले, धुराचे 'थुव', आणि संस्कृत 'भ्रातृ' शब्दाचे 'फ्राल'. बहिणीस पंजाबीत 'भैण' म्हणतात. रोमा भाषेत ती 'फेन' झाली. संस्कृत 'घर्म' म्हणजे उष्णता. आपल्याकडे त्याचा 'घाम' झाला आणि त्यांच्याकडे 'खाम', पण अर्थ मात्र सूर्य. ख्रिस्ती क्रूसास ते 'त्रुशुल' म्हणतात. शंकराच्या हातातील त्रिशूळ युरोपात जाऊन क्रूस झाला, याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढची नोंद इराणची. 'बख्त' म्हणजे नशीब आणि 'जोर' म्हणजे शक्ती, हे शब्द त्यांनी फारसीतून घेतले. अरबी शब्द मात्र फारच थोडे आहेत. त्यावरून अरबी बोलणाऱ्या मुलखात या लोकांचा दीर्घ मुक्काम झाला नसावा असे अनुमान निघते. त्यानंतरची नोंद आर्मेनियाची. घोड्यास 'ग्रस्त' आणि भट्टीस 'बोव' हे शब्द तेथले.

सर्वांत ठळक नोंद आहे ती ग्रीक भाषेची. रोमा भाषेत एक ते सहा आकडे भारतीय : 'येख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव'. सात, आठ, नऊ मात्र ग्रीक : 'एफ्ता, ओख्तो, एन्या'. मग दहा पुन्हा भारतीय 'देश', आणि वीस 'बिश'. लोहारकामातही हेच दिसते. लोखंडाचा शब्द 'सस्तर' हा आपल्या 'शस्त्रा'पासून आलेला, पण ऐरण, हातोडा, खिळा व नाल यांचे शब्द ग्रीक. रस्त्यास ते 'द्रोम' म्हणतात, तोही शब्द ग्रीकच. इतके खोलवरचे शब्द दोन-चार वर्षांच्या सहवासात बदलत नाहीत. त्यास पिढ्यानुपिढ्यांचा शेजार लागतो.

येथे कागदोपत्री पुरावाही साथ देतो. सन १०६८ च्या सुमारास लिहिलेल्या संत जॉर्ज याच्या चरित्रात, कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाने आपल्या उद्यानातील श्वापदे नष्ट करण्यासाठी 'अद्सिंकानी' नावाच्या मांत्रिक लोकांस बोलाविल्याचा प्रसंग आहे. हाच रोमा लोकांचा युरोपच्या उंबरठ्यावरील पहिला उल्लेख असावा असे अनेक विद्वान मानतात. सन १३२२ मध्ये सिमॉन नावाच्या आयरिश धर्मोपदेशकाने क्रीट बेटावर तंबूंत व गुहांत राहणारे, एका ठिकाणी तीस दिवसांहून अधिक क्वचितच टिकणारे लोक पाहिले. सन १३८५ मध्ये वालाकियाच्या राजाने या लोकांची चाळीस कुटुंबे एका मठास दान दिल्याचे पत्र कायम केले. कुटुंबे दान दिली, म्हणजेच ती माणसे गुलाम होती. आजच्या रुमानियाच्या त्या भूमीवर ही गुलामगिरी पुढे सुमारे पावणेपाचशे वर्षे टिकली आणि १८५५-५६ मध्ये संपली.

मराठी वाचकास एक सावधगिरीची सूचना

आता मराठी माणसास मोह पडेल असे एक उदाहरण पाहू. रोमा भाषेत 'तो गेला' यास 'गेलो' म्हणतात आणि मेलेल्यास 'मुलो'. रोमा समाजाने आपले गीत म्हणून स्वीकारलेल्या प्रसिद्ध गाण्याचे नावच 'जेलेम, जेलेम', म्हणजे 'गेलो, गेलो' असे आहे. हे ऐकताच, हे लोक आमच्या महाराष्ट्रातूनच गेले असणार, असे म्हणावेसे वाटेल. पण भाषाशास्त्र येथे आपला हात धरते. संस्कृत 'गत' शब्दातील 'त' मराठीत गळून गेला आणि मागाहून 'ल' हा प्रत्यय लागला. रोमा भाषेत मात्र दोन स्वरांमधील 'त'चाच नियमाने 'ल' होतो. 'भ्रातृ'चा 'फ्राल' झाला तो त्याच नियमाने. दोन वेगळ्या वाटांनी चालणारी माणसे एकाच धर्मशाळेत भेटावीत, तसे हे साम्य आहे.

उलट पुरावा लिंगविचारात मिळतो. संस्कृतात तीन लिंगे. मराठीने ती तिन्ही राखली. आपण 'ते घर', 'ते दूध', 'ते पाणी' म्हणतो. हिंदीत नपुंसकलिंग नाहीसे होऊन हे तिन्ही शब्द पुल्लिंगी झाले. रोमा भाषेतही 'खेर', 'थूद' आणि 'पानी' हे तिन्ही पुल्लिंगीच आहेत. अर्थात तिचे मूळ हिंदीच्या बाजूचे आहे, आपल्या बाजूचे नव्हे. सन १९२६ मध्ये राल्फ टर्नर यांनी दाखवून दिले की, ही भाषा मुळात मध्यदेशाच्या गटातील असून पुढे दीर्घकाळ वायव्येकडे राहिली. म्हणूनच हिंदी-मराठीतील 'हाथ' व 'हात' यांच्या जागी तिच्यात 'वस्त' आहे, आणि 'तीन'च्या जागी 'त्रिन'. संस्कृतातील जोडाक्षरे तिने अद्याप जपली आहेत. नपुंसकलिंग लोपण्याची क्रिया उत्तर भारतात इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या अखेरीची मानली जाते, म्हणून या लोकांनी भारत सोडला तो त्याच सुमारास, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ समजतात.

आपल्याकडे दुसरीही एक समजूत आढळते, ती म्हणजे बंजारा आणि रोमा हे एकच. तांडा, घागरे व दागिने यांच्या साम्यावरून ती निर्माण झाली. परंतु बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी बोलींच्या जवळची आहे, आणि रोमा भाषेतील वायव्येकडील खुणा तिच्यात नाहीत. वेशभूषेवरून नाते जोडणे सोपे असते. भाषा इतकी सहजी खोटी साक्ष देत नाही.

कथा, कागद आणि रक्त

हे लोक का गेले? फिर्दौसीने १०१० साली पूर्ण केलेल्या 'शाहनामा'त एक कथा आहे. पाचव्या शतकातील इराणचा बादशहा बहराम गूर याने, आपल्या गरीब प्रजेस गाणेबजावणे ऐकावयास मिळावे म्हणून हिंदुस्थानच्या राजाकडून दहा हजार 'लूरी' स्त्री-पुरुष मागविले. शेती करून राहावे म्हणून त्यांस बैल, गाढवे व गहू दिले. त्यांनी बैल आणि गहू खाऊन टाकले, तेव्हा बादशहाने त्यांना गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरत राहण्याची आज्ञा केली. कथा सुरस आहे, पण ती घडल्याचा काळ आणि भाषेने सांगितलेला काळ यांत पाच शतकांचे अंतर पडते. भारतातून पश्चिमेकडे गायक-वादक जात असत, एवढेच तीवरून निश्चित म्हणता येते. महमूद गझनीच्या स्वाऱ्यांत, विशेषतः १०१८ च्या कनौजवरील स्वारीत, धरून नेलेले लोक म्हणजेच रोमांचे पूर्वज, असाही एक पक्ष आहे. काळ जुळतो, पण थेट पुरावा नाही.

'रोम' या नावाचा माग मात्र बराच स्पष्ट लागतो. पश्चिम आशियात याच धर्तीचा 'दोम' नावाचा समाज आहे आणि आर्मेनियाकडे 'लोम'. ही तिन्ही नावे संस्कृत 'डोंब' शब्दाची रूपे मानली जातात. सन १०३० च्या सुमारास अल् बिरूनीने हिंदुस्थानातील वर्णबाह्य लोकांची गणना केली, तीत वीणा वाजवून गाणारे डोम आहेत. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त काश्मीरचा राजा चक्रवर्मा एका डोंब गायकाच्या कन्येवर लुब्ध होऊन तिला राणी करतो, आणि दरबारी मंडळींस ते मुळीच रुचत नाही. नाव एक म्हणून वंश एकच, असे मात्र म्हणता येत नाही. गाणे, खेळ, लोहारकाम असे व्यवसाय करीत फिरणाऱ्या अनेक समूहांस ते नाव लावले जात असावे.

अलीकडे रक्तानेही साक्ष दिली आहे. सन २०१२ मध्ये युरोपातील तेरा रोमा समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्यांचे पूर्वज वायव्य वा उत्तर भारतातून सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी निघाले आणि बाल्कन प्रदेशातून युरोपभर पसरण्यास सुमारे नऊशे वर्षांपूर्वी आरंभ झाला. निघण्याच्या काळाबाबत भाषा व जनुके यांच्यात काही शतकांचा फरक राहतो, पण दिशा व मार्ग यांविषयी दोघांचे एकमत आहे.

नात्याचा अर्थ

स्वागताने सुरू झालेला युरोपातील मुक्काम लवकरच कडू झाला. सन १४९८ मध्ये जर्मन साम्राज्याच्या सभेने त्यांस हेर ठरवून हद्दपार केले. १५३० मध्ये इंग्लंडने त्यांच्याविरुद्ध कायदा केला. ३० जुलै १७४९ रोजी स्पेनमध्ये हजारो गितानोंची एकाच वेळी धरपकड झाली. नाझी राजवटीत किती रोमा मारले गेले याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झ येथे उरलेल्या चार हजारांहून अधिक रोमा स्त्री-पुरुष-मुलांस विषारी वायूने मारण्यात आले. युरोपीय संसदेने हा स्मृतिदिन म्हणून मान्य केला तो २०१५ साली.

८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ रोमा लोकांची पहिली जागतिक परिषद भरली. वर निळा, खाली हिरवा आणि मध्ये सोळा आऱ्यांचे तांबडे चक्र, असा ध्वज तिने स्वीकारला. भारतीय परराष्ट्रसेवेतील भाषातज्ज्ञ वीर राजेंद्र ऋषी त्या परिषदेस उपस्थित होते. पुढे त्यांनी चंडीगड येथे रोमा अध्ययनाची संस्था काढून 'रोमा' नावाचे नियतकालिक चालविले. चंडीगडच्या १९८३ च्या रोमा महोत्सवाचे उद्घाटन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी केले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या परिषदेचे परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी. हे आपलेच लोक, ही भावना दोन्ही वेळी व्यक्त झाली.

ती भावना आम्हांसही सुखविते. परंतु थोडा विचार करता मनास एक टोचणी लागते. ज्या 'डोंब' शब्दापासून 'रोम' निघाला, तो शब्द आपल्या घरांतून कोणत्या अर्थाने उच्चारला जातो? लहानपणी रस्त्याच्या कडेला दोरावर चालणाऱ्या डोंबाऱ्याचा खेळ आपण सर्वांनी पाहिला. त्यास पैसा दिला, पण ओसरीवर बसविले नाही. युरोपीय राजांनी भटक्यांस जन्मतः गुन्हेगार मानले, तसेच १८७१ च्या कायद्याने येथील अनेक जमातींस मानले, आणि तो शिक्का पुसावयास १९५२ साल उजाडावे लागले. समाजमनातून तो आजही पुरता पुसलेला नाही. सहस्र वर्षांपूर्वी दूर गेलेल्यांस आपले म्हणावयास काही खर्च येत नाही. त्यांच्या नावाचे जे लोक वेशीबाहेरच राहिले, त्यांस आपले म्हणण्यातच नात्याची खरी कसोटी आहे.

आमच्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, मुलांचे मराठी बिघडले ही तक्रार सभासदांकडून वारंवार कानी येते. मुलांच्या बोलण्यात इकडचे शब्द शिरतात, आकडे तर ती इकडच्याच भाषेत मोजतात, हे खरे आहे. रोमा लोकांनीही सात, आठ, नऊ वाटेत गमावले. पण शाळा, ग्रंथ, राजाश्रय यांपैकी काहीही नसताना, हजार वर्षांनंतरही, त्यांच्यापैकी जे ही भाषा बोलतात त्यांच्या घरात पाण्यास 'पानी'च म्हणतात, आणि बहीण 'फेन'च राहिली आहे. हे शब्द कोणत्याही संस्थेने टिकविले नाहीत. ते टिकले घरात रोज बोलले गेले म्हणून. आमच्या सभासदांनी यातून तेवढाच बोध घेतला तरी पुरे आहे.